पापणी दाबून पाहताना

"वर बघा," असं सांगून नेत्रतज्ज्ञ खालच्या पापणीच्या कडेशी अंगठा टेकवतात आणि दाबतात. रुग्णाने हनुवटी टेकवलेली असते, समोर स्लिट लॅम्पचा प्रकाश असतो. त्या प्रकाशात केसांच्या ओळीच्या जरा आत, पापणीच्या कडेवरच्या बारीक छिद्रांतून तेलाचे थेंब वर येतात. तेल पातळ आणि स्वच्छ आलं तर ग्रंथी ठीक आहेत. गढूळ आलं, दाणेदार आलं, टूथपेस्टसारखी वळी निघाली किंवा काहीच निघालं नाही, तर डोळे का चुरचुरतात, सकाळी वाळू गेल्यासारखे का खुपतात, याचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं. तपासणीला मिनिटभरही लागत नाही आणि खर्च शून्य. तरीही ही तपासणी कोरड्या डोळ्यांच्या रुग्णावर रीतसर व्हायला विसाव्या शतकाची शेवटची वीस वर्षं उजाडावी लागली. ज्या ग्रंथी दाबायच्या त्या तर सतराव्या शतकापासून छापील चित्रात होत्या. मग मधली तीन शतकं डॉक्टर डोळ्यात नेमकं काय तपासत होते?

आधी ग्रंथींची ओळख करून घेऊ. पापणी उलटी केली की आत जी ताठ पट्टी हाताला लागते, तिच्या जाडीत या ग्रंथी उभ्या बसलेल्या असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. वरच्या लांब, खालच्या आखूड. प्रत्येकीच्या मधोमध एक नळी जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या घडासारखे कोश लागलेले असतात. यातलं तेल पेशींमधून पाझरत नाही. तेलाने भरलेली पेशी अख्खीच्या अख्खी फुटते आणि तिचंच तेल होतं. हे तेल पापणीच्या उबेने पातळ राहतं. आपण डोळा मिटतो तेव्हा पापणीच्या कडेतला स्नायू नळीच्या तोंडाशी चिमटा घेतो, तेलाचा अंश बाहेर पडतो आणि डोळा उघडताना अश्रूंच्या पाण्यावर त्याची साय पसरते. दर उघडझापीला निसर्गच ग्रंथी दाबत असतो. पुढच्या सगळ्या तपासण्यांचा इतिहास या दाबाभोवती फिरतो, म्हणून तो लक्षात ठेवायला हवा.

ग्रंथींना ज्याचं नाव मिळालं तो हाइनरिश मायबोम. जन्म १६३८चा, ल्यूबेकचा. वडीलही वैद्यच. चाबकाच्या फटक्यांच्या वैद्यकीय उपयोगांवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला होता आणि त्या काळी तो पुष्कळ वाचला गेला. मुलगा हेल्मश्टेट विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक झाला आणि १६६६ मध्ये त्याने योएल लांगेलोट या वैद्याला उद्देशून पत्ररूपात एक छोटा लॅटिन निबंध छापला. विषय होता पापण्यांतल्या 'नव्या' वाहिन्यांचा. खरं तर त्या तितक्या नव्या नव्हत्या. पाडुआच्या जूल्यो कास्सेरियोने पंचेंद्रियांवरच्या १६०९च्या ग्रंथात त्या रेखाटल्या होत्या. पण मायबोमने त्यांची तोंडं, त्यांची मांडणी आणि पापणीच्या कडेशी असलेलं नातं नीट वर्णिलं, आणि श्रेय त्याच्याकडे गेलं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत, त्यातले २१ पापण्यांचे. शुष्काक्षिपाक नावाचा, डोळे रखरखीत आणि पापण्या ताठ करणारा एक विकारही त्यात आहे. रोग बारकाईने पाहिला होता एवढं त्यावरून निश्चित म्हणता येतं. ग्रंथी ठाऊक होत्या असा दावा करायचं मात्र काही कारण नाही. तो मोह आपल्याकडे फार जणांना होतो.

मायबोमच्या पत्राआधी चारच वर्षं, १६६२ मध्ये, लायडनमध्ये शिकणाऱ्या नील्स स्टेनसन या डॅनिश तरुणाने अश्रू कुठून येतात ते दाखवलं होतं. तोवर ते मेंदूतून झिरपतात असं मानणारे पुष्कळ होते. स्टेनसनने डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या ग्रंथीकडे आणि तिच्या नळ्यांकडे बोट दाखवलं. म्हणजे डोळ्यातल्या पाण्याचा उगम आणि तेलाचा उगम हे दोन्ही एकाच दशकात सापडले. कोरड्या डोळ्याच्या इतिहासाला इथून दोन फाटे फुटतात आणि पुढची तीनशे वर्षं एकच फाटा वाहता राहतो. पाणी वाहतं, गालावर ओघळतं, कवितेत जातं. तेलाच्या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्याच्याकडे कोण बघणार!

एकोणिसाव्या शतकात एदुआर्द त्साइसने १८३५ मध्ये मायबोमच्या ग्रंथींची शरीररचना पुन्हा तपासली आणि तसं करताना केसांच्या मुळाशी असलेल्या वेगळ्या ग्रंथींना स्वतःचं नाव मिळवून दिलं. एरवी वैद्यकाला मायबोमियन ग्रंथी आठवायच्या त्या सुजल्यावरच. पापणीवर रांजणवाडी आली किंवा दुखणं नसलेली टणक गाठ राहिली, की चिमट्यात पापणी धरायची, आतून चीर द्यायची, गाठ खरवडून काढायची. ग्रंथी हा शल्यविशारदाचा विषय होता. फुगलेली नसेल तर ती काम करते की नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

पाण्याच्या फाट्याला मात्र १९०३ मध्ये मोजपट्टी मिळाली. ओटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ती किती भिजते ते पाहिलं. आज वापरतात ती पट्टी ५ मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर लांब. पाच मिनिटं डोळ्यात ठेवायची आणि ओलावा किती उतरला ते मिलिमीटरमध्ये वाचायचं. ही युक्ती इतकी स्वस्त आणि सोपी की शंभर वर्षांनंतरही ती कुठल्याही नेत्रचिकित्सालयाच्या ट्रेमध्ये सापडते. तिने एक अंक दिला, आणि वैद्यकात ज्याला अंक मिळतो त्याचा रोग होतो. १९३३ मध्ये स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेनने कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि सांधेदुखी एकत्र बांधून प्रबंध लिहिला. त्या प्रबंधाला वरची श्रेणी मिळाली नाही आणि त्याची अध्यापनाची वाट अडली, पण रोग त्याच्या नावाने राहिला. कोरडा डोळा म्हणजे पाण्याची टंचाई, हे समीकरण त्यामुळे पक्कं झालं. उपचारही तसाच ठरला: पाणी कमी आहे ना, मग थेंब टाका.

तेलाच्या फाट्यावर याच काळात तुरळक माणसं दिसतात. प्रागच्या आन्टोन एल्श्निगने १९०८ मध्ये, तर अमेरिकेत सॅनफर्ड गिफर्डने १९२१ मध्ये, सतत लाल राहणाऱ्या, चिपडं धरणाऱ्या डोळ्यांमागे या ग्रंथी असू शकतात असं लिहिलं. पापण्या दाबून साचलेलं रिकामं करण्याची चालही त्याच काळातली. म्हणजे दाबणं आधी उपचार म्हणून आलं. दाबल्यावर काय निघालं याची नोंद ठेवून त्यावरून ग्रंथीची तब्येत ठरवायची, ही पुढची पायरी चढायला अजून साठ वर्षं जायची होती.

विसाव्या शतकात भारतातल्या डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या नाहीत असं मुळीच नाही. खुपऱ्यांनी पापणीच्या आतल्या बाजूला पुटकुळ्या येत, मग वण पडत, वणांनी पापणी आत वळे आणि केस बुबुळावर घासून माणूस आंधळा होई. १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कार्यकर्ते आणि डॉक्टर गावोगाव पापण्या उलटत फिरले. ज्या पट्टीवर ते पुटकुळ्या शोधत होते तिच्याच पोटात या ग्रंथी बसलेल्या होत्या, आणि खुपऱ्यांचे वण त्यांनाही गिळत होते. पण आंधळेपणाशी झुंज चालू असताना तेलाची चौकशी करायला सवड कुणाला असणार? त्यांना दोष देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचं सार्वजनिक संकट हटल्याचं प्रमाणित केलं ते २०२४ मध्ये.

तेलाला महत्त्व आलं ते दोन प्रयोगशाळी पावलांनी. १९४६च्या सुमारास लंडनच्या यूजीन वोल्फने डोळ्यावरच्या अश्रूंच्या थराचे तीन पदर मांडले: बुबुळाला चिकटलेला चिकट पदर, मधलं पाणी आणि सर्वांत वर तेल. चित्र सुबक होतं. पाठ्यपुस्तकांना ते इतकं आवडलं की पदर एकमेकांत मिसळलेले असतात हे कळल्यावरही ते जायला तयार नव्हतं. दुसरं पाऊल १९६१चं. साइइची मिशिमा आणि डेव्हिड मॉरिस यांनी सशांच्या डोळ्यांवरचा तेलाचा थर काढून पाण्याचं बाष्पीभवन मोजलं. थर गेला की बाष्पीभवन दहापटीहूनही वाढतं असं त्यांना दिसलं. पुढे माणसाचं ग्रंथीतलं तेल काचपात्रातल्या पाण्यावर पसरून मोजणाऱ्यांना एवढा मोठा फरक सापडला नाही आणि तो वाद अजून मिटलेला नाही. तरी सशांच्या त्या प्रयोगाने प्रश्न बदलला. पाणी पुरेसं असूनही डोळा कोरडा पडू शकतो, कारण ते उडून जातं, ही शक्यता आता टेबलावर आली.

डेन्मार्कच्या मोन्स नॉर्नने १९६९ मध्ये डोळ्यात फ्लोरेसीनचा पिवळा रंग घालून, उघडझाप थांबवायला सांगून, अश्रूंचा थर कुठे आणि किती सेकंदांनी फाटतो ते पाहिलं. दहा सेकंदांच्या आत फाटला तर काहीतरी बिघडलेलं आहे, असा पुढे आडाखा बसला. चाचणी चांगली, पण तिचा निकाल म्हणजे बिघाडाची बातमी. कुठल्या ग्रंथीचा बिघाड, ते ती सांगत नाही.

आणि मग कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. मऊ लेन्सना अमेरिकेत १९७१ मध्ये मान्यता मिळाली आणि लाखो तरुण, निरोगी, जाड चष्म्याला कंटाळलेली माणसं डोळ्यात लेन्स घालू लागली. त्यातल्या काहींना लेन्स सहन होत नव्हती. डोळा लाल नाही, पापणी सुजलेली नाही, टिपकागद नीट भिजतोय, तरी दुपारपर्यंत लेन्स काढून टाकावीशी वाटते. बोस्टनचे ऑप्टोमेट्रिस्ट डोनल्ड कॉर्ब आणि त्यांचे सहकारी अंतोनियो हेन्रिकेझ यांनी अशा लोकांच्या पापण्या दाबल्या. नुसता स्पर्श करून भागलं नाही, तेव्हा जोर लावला. नळ्यांच्या तोंडाशी झडलेल्या पेशींचे बूच अडकलेले निघाले. १९८० मध्ये त्यांनी हे छापलं आणि ग्रंथी नीट काम न करण्याला रोगाचं नाव दिलं. बाहेरून काहीच दिसत नाही आणि दाबल्यावरच कळतं, हा त्यातला खरा शोध होता. मला या सगळ्या इतिहासात ही नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते. नवं यंत्र त्यात नव्हतं. त्रास होतोय असं सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला, आणि डोळा चांगला दिसत असतानाही आणखी एक गोष्ट करून पाहिली, इतकंच.

आता गाडी पुढे जायला अडचण एकच, अंगठ्याची. एकाचा अंगठा जड, दुसऱ्याचा हलका. कुणी कापसाची काडी वापरतो, कुणी काचेची दांडी, कुणी पापणीच्या आतून आधार देऊन चिमट्याने पिळतो. पुरेसा जोर लावला तर जवळजवळ मेलेली ग्रंथीही काहीतरी ओकते, आणि फार हळू दाबलं तर चांगली ग्रंथीही गप्प बसते. ग्रंथी किती आणि कुठल्या दाबायच्या तेही ठरलेलं नव्हतं. ऑक्सफर्डच्या अँथनी ब्रॉन यांनी १९९१ मध्ये पापणीच्या कडेवरच्या खुणांची पद्धतशीर वर्गवारी मांडली. खालच्या पापणीच्या मधल्या आठ ग्रंथी घ्यायच्या, प्रत्येकीच्या तेलाला शून्य ते तीन गुण द्यायचे, स्वच्छ तेलाला शून्य आणि टूथपेस्टला तीन, म्हणजे बेरीज २४ पर्यंत जाते, ही मोजणी तिथून रुळली. दुसरीकडे पाच ग्रंथींपैकी किती बोलतात एवढंच मोजण्याची पद्धत चालू लागली. तिसरीकडे किती जोर लावल्यावर तेल येतं त्यालाच गुण देत. सगळ्या पद्धतींत अंगठा तोच.

म्हणून काहींनी अंगठाच टाळायचं ठरवलं. १९९३ मध्ये ब्रॉन यांच्याच गटाने मायबोमीटर नावाचं उपकरण वर्णिलं. प्लास्टिकच्या फितीचा वेढा पापणीच्या कडेला हलकेच लावायचा आणि फितीवर उमटलेल्या डागातून प्रकाश किती आरपार जातो ते मोजायचं. गाडीवरची भजी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवली की तेल लागलेला भाग उजेडाला धरल्यावर आरपार दिसतो, तत्त्व तेच. कल्पना सुंदर होती, पण ती कडेवर आधीच साचलेलं तेल मोजत होती. आतल्या ग्रंथी आज काम करतात का, की कालचंच तेल पडून आहे, ते तिला सांगता येत नव्हतं. दवाखान्यांत ती फारशी रुजली नाही.

दुसऱ्यांनी तेलाच्या थराचे रंग पाहिले. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जसे पट्टे दिसतात तसेच डोळ्यावरच्या तेलात दिसतात आणि रंगावरून जाडी ताडता येते. थर फार पातळ असेल तर नुसता करडा दिसतो, रंग उमटण्याइतका जाड असेल तर पट्टे दिसतात. फ्रान्सच्या झाँ-पिएर गियों यांनी १९८०च्या दशकात त्यासाठी हातात धरायचं उपकरण आणलं, जपानमध्ये नोरिहिको योकोई यांनी १९९० च्या दशकात त्या रंगांची श्रेणी लावली, आणि पुढे यंत्रं थेट नॅनोमीटरमध्ये आकडा देऊ लागली. पण डोळ्यावर पसरलेला थर म्हणजे ग्रंथी नव्हे. अधूनमधून उघडझाप कमी झाली, वारा लागला, थेंब टाकले, की थर बदलतो. स्क्रीनसमोर हे फार घडतं. काझुओ त्सुबोता आणि नाकामोरी यांनी १९९३ मध्ये मोजलं तेव्हा निवांत बसलेली माणसं मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकासमोर अवघी ७ वेळा डोळे मिटत होती. शिवाय स्क्रीनसमोरची बरीच उघडझाप अर्धवटच राहते. निसर्गाचा तो दाब पडतच नाही, आणि तेल नळीत थांबून घट्ट होत जातं.

हा धागा पकडूनच अंगठ्याची गाठ सुटली. कॉर्ब आणि कॅरोलाइन ब्लॅकी यांनी २००८ मध्ये स्प्रिंग असलेली एक छोटी दांडी वापरली. तिचं टोक चौरस मिलिमीटरला साधारण १ ग्रॅम इतकाच दाब देतं, म्हणजे माणूस जाणूनबुजून नीट डोळा मिटतो तेव्हा पापणीवर जेवढा पडतो तेवढाच. टोक पापणीच्या कडेखाली टेकवायचं, दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचं आणि नाकाकडच्या पाच, मधल्या पाच, कानाकडच्या पाच अशा पंधरा ग्रंथींपैकी किती पातळ तेल देतात ते मोजायचं. नाकाकडच्या जास्त बोलक्या निघाल्या, कानाकडच्या कमी. ज्यांच्या डोळ्यांत फार कमी ग्रंथी तेल देत होत्या त्यांचा त्रास जास्त होता. याआधी डॉक्टर आपल्या जोराने ग्रंथी पिळत असत. आता प्रश्न नेमका झाला: रोजच्या उघडझापीच्या दाबाला ही ग्रंथी उत्तर देते का?

त्याच गटाने आणखी एक चौकशी केली. दाबून रिकामी केलेली चांगली ग्रंथी पुन्हा भरायला किती वेळ लागतो? साधारण दोन तास. म्हणजे सकाळी एका दवाखान्यात पापण्या पिळून घेतल्या आणि लगेच 'दुसरं मत' घ्यायला पलीकडच्या दवाखान्यात गेलं, तर तिथले डॉक्टर आजारी ग्रंथींची नोंद करतील. आपल्याकडे दुसरं मत घेण्याची हौस पाहता, ही गोष्ट दवाखान्याच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

दरम्यान एक तिसरी वाट जोरात वाहू लागली होती, ग्रंथीचा फोटो काढण्याची. फ्रान्सच्या तापी यांनी १९७७ मध्ये पापणी उलटून मागून प्रकाश सोडला, तेव्हा ग्रंथींच्या सावल्या दिसल्या. १९८०च्या दशकात जेस्टर, निकोलाइडिस आणि सहकाऱ्यांनी अवरक्त फोटोग्राफी लावली, आधी सशांवर, मग माणसांवर. पण प्रकाशाची नळी पापणीला टेकवून ठेवणं रुग्णाला नको वाटे. जपानच्या रेइको आरिता यांनी २००८ मध्ये ही अडचण काढली. नेहमीच्याच स्लिट लॅम्पवर अवरक्त किरणांची गाळणी आणि कॅमेरा बसवला, पापणी उलटली, आणि प्रकाशाची नळी न टेकवता ग्रंथी उजळ पट्ट्यांसारख्या पडद्यावर आल्या. गुणपद्धत सोपी: काहीच नाहीसं झालेलं नसेल तर शून्य, एक तृतीयांशापेक्षा कमी भाग गेला असेल तर एक, दोन तृतीयांशापर्यंत दोन, त्याहून जास्त तीन. निरोगी माणसांतही वय वाढेल तशा ग्रंथी ओसरत जातात हे आरिता यांच्या त्या पाहणीत दिसलं. लेन्स वापरणाऱ्यांच्या ग्रंथी आखूड झालेल्या त्यांनीच पुढे दाखवल्या.

या फोटोचं आकर्षण समजण्यासारखं आहे. रुग्णाला स्वतःची पापणी पडद्यावर दिसते, बिघाड पटतो, आणि तंत्रज्ञ मिनिटभरात काम उरकतो, डॉक्टरचा वेळ जात नाही. पण मला वाटतं इथे प्रश्न हळूच बदलला गेला. फोटोतून कळतं ग्रंथी उरली आहे का. दाबल्यावर कळतं ती देते का. अख्खी दिसणारी ग्रंथी तोंडाशी बूच बसल्याने मुकी असू शकते, आणि अर्धी झिजलेली ग्रंथी उरल्या भागातून स्वच्छ तेल देत राहते. फोटोतला भाग नाहीसा झालेला दिसला तर त्याआधी बिघाड किती वर्षं चालू होता, तेही फोटो सांगत नाही. कोरड्या डोळ्याच्या उपचाराची वेळ मात्र नेमकी त्याच वर्षांत असते, ग्रंथी शाबूत असून मुकी झालेली असताना.

या सगळ्याची मोळी बांधायचं काम २०११ मध्ये झालं. अश्रूंच्या थरावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगभरचे तज्ज्ञ जमवून या रोगाची व्याख्या, वर्गवारी आणि तपासणीचा क्रम छापला. व्याख्येत दोन गोष्टी अग्रभागी होत्या: नळीच्या तोंडाशी अडथळा आणि तेलाच्या गुणात किंवा प्रमाणात बदल. दोन्ही दाबूनच कळणाऱ्या. पुढच्याच वर्षी मायकल लेम्प आणि सहकाऱ्यांनी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात ज्या १५९ कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांचं वर्गीकरण करता आलं, त्यांपैकी फक्त पाणी कमी असलेले २३ होते. बाकीच्या ८६ टक्क्यांत ग्रंथींचा बिघाड होता, एकटा किंवा पाण्याच्या टंचाईसोबत. शिर्मरच्या पट्टीवर शंभर वर्षं भरवसा ठेवणाऱ्या शास्त्राला हा आकडा चांगलाच झोंबणारा होता.

उपचारही त्याच दाबाकडे परतले. घरी ऊन कापड ठेवायला सांगतात ते तेल पातळ करण्यासाठी, पण कापड मिनिट-दोन मिनिटांत निवतं आणि पापणीच्या आत ४० अंशांपर्यंत ऊब पोचवणं कठीण जातं. शिवाय बूच हलवायला लागणारा दाब उघडझापीच्या कितीतरी पट असतो, आणि तेवढं पिळलं की रुग्ण ओरडतो. यावर एक यंत्र निघालं. पापणीच्या आतून ४२.५ अंशांची ऊब आणि बाहेरून हवेच्या फुग्याने ठरावीक लयीत दाब, एकूण बारा मिनिटं. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये परवानगी मिळाली. यंत्र बनवणाऱ्या टिअरसायन्स या कंपनीच्या संस्थापकांत कॉर्ब होते. रोगाला नाव देणारा, दाबाची दांडी बनवणारा आणि उपचाराचं यंत्र विकणारा एकच, ही गोष्ट त्या अभ्यासांचे निकाल वाचताना डोळ्याआड करू नये. त्यातून त्यांचं काम खोटं ठरत नाही. दुसऱ्यांनी तीच मोजणी करून पाहायला हवी एवढंच, आणि ती बरीच झाली आहे.

२०१२ मध्ये छापलेल्या त्या यंत्राच्या चाचणीत निकाल दाबूनच मोजला होता. पंधरा ग्रंथी, प्रत्येकीला तीनपर्यंत गुण, एकूण ४५. इथे जास्त गुण म्हणजे चांगलं. उपचाराआधी रुग्णांची सरासरी होती साधारण ६. चार आठवड्यांनी ती १७च्या आत-बाहेर पोचली. दुपटीहून जास्त सुधारणा, असं जाहिरातीत लिहिता येतं आणि ते खरंही आहे. पण ४५ पैकी १७ म्हणजे बारा मिनिटांच्या त्या उपचारानंतरही बऱ्याच ग्रंथी गढूळ तेल देत होत्या किंवा काहीच देत नव्हत्या.